आईचे बूट, अण्णांचा खिसा

आईला मी आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. पन्नाशीला टेकले मी, तरी नाही. एसटी सुटत असली तरी ही हात वर करून चालतच जायची आणि वर कंडक्टरलाच दम द्यायची. पळणं हे काम पोरांचं नाहीतर चोरांचं, असं तिचं ठाम मत. त्यामुळे सांगलीतल्या एका बुटांच्या दुकानात रविवारी भर दुपारी जे घडलं, ते मी अजून लोकांना हातवारे करून सांगते आणि दर वेळी माझ्याच अंगावर काटा येतो.

प्रकरण सुरू झालं ते पडण्यातून. माधवनगरच्या घराच्या पायरीवर आईची चप्पल सटकली. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. मी राहते साताऱ्यात. फोनवर ती आपली "बरी हाय" म्हणायची. एकदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन घेतला. गिरणीत जन्म काढलेला माणूस, बोलणं मुळात कमी. हळूच म्हणाले, "आई फाटकाच्या भाईर जात न्हाई गं. पडल्यापासनं."

मी गेले तर काय, ही भिंत धरून चालतेय! सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई, आणि स्वयंपाकघरातून सोप्यात यायला तिला भिंत लागतेय. मला भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग. तशी चिडले आणि तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "रोज चालल्या नाहीत तर पायांतली ताकद जाईल. मग उठवायला दोन माणसं लागतील. चप्पल बंद करा, चांगले बूट घ्या." परतताना रिक्षात आई म्हणाली, "तुझ्या पोराचं लग्न मी मोबाइलवर बघीन. आता कसलं येणं नि जाणं."

पहिल्या नातवाचं लग्न, आणि ही मोबाइलवर बघणार! महिन्यावर आलेलं लग्न. मी रिक्षा तशीच बुटांच्या दुकानाकडे वळवायला सांगितली. तर ही खाली उतरेना. "आज शनवार हाय. शनवारी पायातलं घेत्यात व्हय कुणी?" मी म्हटलं, शनी काय दुकानात बसलाय का तुझी वाट बघत? पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय! घरी आलो. रविवारी पुन्हा निघालो, या वेळी अण्णांनाही बरोबर घेतलं.

वाटेत तिनं अट घातली. "एकच जोड घेणार. चालायला तोच नि लग्नात पण तोच. सतरा जोड घ्यायला मी काय नटी न्हाई."

"म्हणजे लग्नाला येणार?"

"आले तर म्हन्ते मी," ती म्हणाली आणि रिक्षाबाहेर बघायला लागली.

दुकानदार चांगला होता, पोक्त माणूस. आईसमोर खाली बसून त्यानं तिचं पाऊल हातात घेतलं तर तिनं झटक्यात पाय मागे ओढला. "पाया पडतोयस काय रं? आधी काय ते बूट दाखीव." त्यानं निमूटपणे खोकी उघडायला सुरुवात केली. मैदानात चालेल आणि साडीवरही शोभेल, असं एकच काहीतरी हवंय म्हटल्यावर तो जरा विचारात पडला. पहिला आला तो पांढराशुभ्र, जाड तळव्याचा. मला फार आवडला. मी गडावर चढायला जाते तेव्हा असलेच घालते. आई त्यात उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "गादीवर उभं राहिल्यागत वाटतंय. ह्यात वळता यायचं न्हाई."

मी मनात म्हटलं, तुला वळायचंय कुठं? सरळ चाललीस तरी देव पावला.

दुसरा केशरी. तो बघूनच तिनं हात जोडले. तिसरा दिसायला झकास, कातड्याचा, पण कडक. त्यात चालताना ती अगदी फौजदारासारखी दिसली. मग त्यानं मागच्या कप्प्यातून एक जोड काढला. वांग्याच्या रंगाचा. वरून मऊ विणलेला, पुढून रुंद, तळवा सपाट आणि जमिनीलगत. दुकानदार म्हणाला, "मावशी, पळायला लागलं तरी चालतंय आणि लग्नात घातलं तरी कोण हसणार न्हाई." आईनं तो हातात घेतला, वाकवून बघितला, तळव्यावर अंगठा दाबला. चेहऱ्यावरून कळलं, हाच. पाय आत सरकवला आणि तोंड वाकडं केलं.

जोडवी! लग्नात घातलेली, चांदीची, तीन वेढ्यांची जोडवी बुटात रुतत होती. दुकानदारानं एक नंबर मोठा दिला, तर टाच निसटायला लागली. म्हणजे पुन्हा पडायची सोय.

"काढ की जोडवी," मी म्हटलं. "बुटात कुणाला दिसणार आहेत?"

"कुनाला न्हाई दिसलं तरी मला ठावं असतंय न्हवं?"

"अगं, मी तरी कुठं रोज घालते?"

"म्हनून तर जावई बारा म्हैनं शिंकत असत्यात."

दुकानदारानं खोक्यात तोंड घातलं, पण त्याचे खांदे हलताना दिसले मला. आईनं बूट बाजूला सारला, पदर सावरला आणि म्हणाली, "चला. न्हाई जमत." तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. आता ही घरी जाणार, भिंत धरणार, आणि संपलं.

तेवढ्यात दारापाशी उभे असलेले अण्णा आत आले. "काढ की. मी काय तेवढ्यानं मरत न्हाई."

"आवं! शुभ बोला जरा. जिभंला काय हाड?"

"बरं, तू नगंस काढू," अण्णा म्हणाले. "मी काढतो. मी सोताच काढल्यावर काय बिघडतंय?"

आणि माझे अण्णा, रस्त्यानं चालताना आईच्या कायम धा पावलं पुढं असणारे अण्णा, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आईचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. या वेळी तिनं पाय ओढला नाही. जोडवी काही निघेनात. बोटाचं पेर फुगलेलं. दुकानदारानं बेसिनवरचा साबण बोटावर आणून दिला. अण्णांनी तो हळूहळू चोळला, फिरवत फिरवत एक जोडवं काढलं, मग दुसऱ्या पायातलं. जोडव्याखालची कातडी लहान पोरीच्या कातडीसारखी गोरी होती. अण्णांनी जोडवी रुमालाला पुसली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. "हितं ऱ्हात्यात. माझ्यापाशी."

आईनं पदर खोचला. बूट घातले. दुकानदारानं नाड्या बांधल्या. ती उठली, आरशापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. भिंतीला हात लावला नाही. मग मला म्हणाली, "सर जरा बाजूला."

आणि पळाली.

खोटं नाही सांगत. साडीच्या निऱ्या एका हातात धरून ती दुकानाच्या त्या टोकापर्यंत पळत गेली, तिथल्या खांबाला डाव्या हाताचा तळवा लावला, कमरेत वाकली, गर्रकन वळली आणि परत आली. एका गिऱ्हाईकाच्या हातातला मोजा हातातच राहिला. मला वाटलं, ही पडणार. ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण ते वळणं! तसं वळायला माणसाचं शरीर तरणं असावं लागतं, आणि माझ्या सत्तरीला आलेल्या आईचं त्या क्षणी होतं. देवाशपथ होतं.

"वळता येतंय ह्यात," ती धापा टाकत म्हणाली.

मी तिला धरायला पुढं झाले. अण्णांना मात्र काहीच नवल वाटलं नव्हतं. "डाव्या हातानंच वळायची ही," ते म्हणाले. "अजून तसंच हाय."

"तुमाला काय माहीत?" आई गर्रकन त्यांच्याकडे वळून म्हणाली.

"मी बघितलंय की. लग्नाच्या आधी. गिरणीतली आमी पोरं सुट्टीदिवशी खो-खो बघाय जायचो शाळेच्या मैदानावर. ही कुनालाच घावायची न्हाई. मग घरात सांगितलं, हीच बघा म्हनून."

"आवं, पुरं!" आई म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा बूट कुठलं गं. अनवानीच पळायचो आमी."

इतकी वर्षं मी या दोघांच्या मधे झोपले, जेवले, भांडले, आणि हे मला आज कळतंय! मी तिथंच स्टुलावर बसून घेतलं. रडायला येत होतं आणि हसायलाही.

नंतर एका रविवारी सकाळी माधवनगरला पोचले तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं म्हणून मैदानावर गेले. आई वांगी रंगाचे बूट घालून कडेकडेनं फेऱ्या मारत होती, आणि अण्णा कठड्यावर बसून होते, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून. घरी आल्यावर ती जिथं पडली होती त्याच पायरीवर बसली, बूट काढले, पाय पुढं केला. अण्णांनी खिशाचं बटण काढलं. रोजचंच काम असल्यासारखं सगळं चाललं होतं.

लग्नाला ती आली. साताऱ्याच्या कार्यालयात रेशमी साडी आणि खाली ते बूट. आमच्या विहीणबाई आधी टकामका बघत राहिल्या, मग त्यांनी हळूच मला विचारलं, दुकान कुठलं? वरात निघायच्या आधी नातवाला ओवाळायला आईला बोलावलं. तिनं खुर्चीवर बसून बूट काढले, पाय पुढं केला, आणि अण्णा सगळ्या वऱ्हाडासमोर खाली बसले. त्यांनी एक एक जोडवं बोटात सरकवलं. आईनं उठून नातवाला ओवाळलं. तिच्या हातातलं ताट जरासुद्धा हललं नाही.

तिच्यासाठी मी मोटार सांगून ठेवली होती, दाराशीच उभी होती. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "चल आई, गाडीत बसवते तुला."

तिनं दंड सोडवून घेतला, पुन्हा खुर्चीवर बसली आणि अण्णांपुढं पाय केला. "आवं, काढा परत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडीत कुनी म्हातारं मानूस असंल तर बसीव जा. मला वरातीत चालायचं हाय."