मंजुषाताईंचं काडतूस

डॉ. मंजुषा खानझोडे यांच्याकडून एखादी गोष्ट करून घ्यायची असेल तर एक सोपा उपाय आहे. ती त्यांना झेपणार नाही, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं. बंदुकांच्या दुकानातल्या त्या दाढीवाल्या विक्रेत्याला हे ठाऊक नव्हतं, त्यात त्याचा तरी काय दोष? समोर जेमतेम पाच फूट उंचीच्या, सदुसष्ट वर्षांच्या, कुर्त्यावर स्वेटर घातलेल्या बाई उभ्या. त्या विचारतायत की आफ्रिकेत शिकारीला जायचंय, एकच रायफल न्यायचीय, तर बकरीएवढ्या हरणापासून घोड्याएवढ्या जनावरापर्यंत सगळ्यांना चालेल असं काडतूस कोणतं. त्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अतिशय मायेने सांगितलं, "मॅम, लेडीजसाठी आमच्याकडे एक सौम्य काडतूस आहे. मोठी तुम्हाला झेपायची नाहीत."

झालं. मंजुषाताईंनी पर्स खांद्याला लावली, थँक यू म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. गाडीत सुमंतराव वाट पाहत बसले होते. त्यांच्यावर सगळा राग निघाला. "मला काय समजून राहिले हे लोक? चाळीस वर्षं पोस्टमॉर्टम केली मी. सौम्य म्हणे!" नागपूर सोडून इतकी वर्षं झाली, पण संतापल्या की बाईंच्या तोंडी तिथल्या धंतोलीतली बोली परत यायची. सुमंतराव निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर ओहायोचे पूल तपासले आणि घरात ब्र न काढता सुखाने संसार केला. त्यांनी मुकाट्याने गाडी सुरू केली.

आता एक पॅथॉलॉजिस्ट बाई बंदुकीच्या नादाला लागल्या कशा, हे सांगायला हवं. कोलंबसच्या हॉस्पिटलात त्यांच्या लॅबमध्ये रूथ नावाची टेक्निशियन होती. घरची शेती, नवरा शिकारी, स्वतःही शिकारी. एका सकाळी ती डब्यात हरणाचं काळीज घेऊन आली. त्यावर पांढरे डाग होते. "डॉक्टर, हे खाल्लं तर चालेल का?" मंजुषाताईंनी तुकडा कापला, काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि निकाल दिला की डाग काढून टाक आणि नीट शिजव. मग थांबून विचारलं, "हे तू स्वतः मारलंस?" पुढच्या शनिवारी त्या रूथच्या शेतावर होत्या. वय बावन्न. सावजी मटणावर वाढलेल्या बाईंना खाण्याचं काही वाटत नव्हतं. पण जे खातो ते दुकानातल्या प्लॅस्टिकमध्ये येण्याआधी कोण होतं, हे बघायलाच हवं असं त्यांना त्या दिवशी प्रकर्षाने वाटलं. सुमंतराव पक्के शाकाहारी. ते म्हणाले, "बघ बाई, तुझं तू."

बारा वर्षं सगळं ठीक चाललं. मग तीन वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर आला. मक्याच्या शेताच्या कडेला संध्याकाळी एक हरिणी उभी होती. मंजुषाताईंनी शॉटगन उडवली. हरिणी धडपडली, उठली आणि मक्यात घुसली. ओढ्यापर्यंत रक्त दिसत होतं, पुढे नाही. त्या आणि रूथ दोन दिवस चिखलात शोधत होत्या. हरिणी सापडली नाही. कुठेतरी पडून, किती वेळ घेऊन ती मेली असेल, हे पॅथॉलॉजिस्ट बाईंना इतरांपेक्षा जास्त नेमकं कळत होतं. जो विचारेल त्याला त्या सांगायच्या की उजेड कमी झाला होता. बंदूक मात्र त्यांनी तेव्हापासून कपाटात ठेवली ती ठेवलीच.

यंदा शिकाऱ्यांच्या क्लबच्या लिलावात रूथने नामिबियातली दोघांसाठीची आठ दिवसांची शिकार जिंकली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. तिने फोन केला. "मंजू, तू चल."

मंजुषाताई म्हणाल्या, "एका अटीवर येते. एका गोळीत पडेल अशी माझी मलाच खात्री असेल तर. पुन्हा एकही जनावर माझ्या हातून जखमी होऊन पळता कामा नये. तशी खात्री नसेल तर मी विमानतळावरून परत फिरेन."

एवढीच अट होती. पण त्यासाठी रायफल हवी, आणि ओहायोत हरणांसाठी शॉटगन नाहीतर सरळ नळकांडीची काडतुसंच चालतात. लांब पल्ल्याच्या, बाटलीसारखा गळा असलेल्या काडतुसांचा बाईंना अजिबात अनुभव नव्हता. आणि हवं होतं ते तर वधूवर सूचक मंडळात मागतात तसं, सर्वगुणसंपन्न. लहान हरणाचं मांस फाटू नये, कुडूसारखं मोठं हरीण पडावं, लांबवर जावं, जवळही चालावं, आणि हे सगळं एकाच काडतुसाने.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला ही गोष्ट फुटली आणि ज्यांनी आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांपलीकडे काही उडवलं नव्हतं ते सगळे तज्ज्ञ झाले. त्यात संजीव आघाडीवर. संजीव विमा कंपनीत डेटा बघतो. मंडळाच्या सहलीला बस कुठली करायची यावरही तो एक्सेल काढतो. रविवारी लॅपटॉप घेऊन तो घरी हजर.

"काकू, मी फुल रिसर्च केलाय. एकोणीस काडतुसं कंपेअर केली. एनर्जी, रेंज, अव्हेलेबिलिटी, सगळ्याला वेटेज दिलं. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह क्लिअर विनर आहे. उंदरापासून हत्तीपर्यंत सगळं कव्हर होतं."

"मला हत्ती मारायचा नाही रे."

"हो, पण समजा समोर आला तर? वर्स्ट केस धरायला नको?"

तक्ता खरंच सुरेख होता. हिरवे, पिवळे, तांबडे रकाने. त्यात काकूंच्या खांद्यासाठी रकाना नव्हता. पण काकूंच्या डोक्यात तो दाढीवाला अजून बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या आणि नाकावर टिच्चून थ्री-सेव्हन्टी-फाइव्हची रायफल घेऊन आल्या. काडतूस त्यांच्या मधल्या बोटापेक्षा लांब होतं.

रूथने रायफल पाहिली आणि एकच प्रश्न केला. "आपण ज्यासाठी चाललोय त्यांच्यासाठी हे लागतं का?"

"लागतं की नाही ते मी ठरवीन," मंजुषाताई म्हणाल्या.

मग एप्रिल उजाडला आणि बाई पदर खोचून कामाला लागल्या. आठवड्यातून दोनदा रूथच्या शेतामागच्या टेकडीपाशी जायचं. शंभर पावलांवर ताटलीएवढा कागद. पहिल्या गोळीला टोपी उडाली. पाचव्या गोळीला डोळ्यात पाणी आलं. घरी येऊन खांद्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. सुमंतरावांनी खांद्यावरचा जांभळा डाग पाहिला. "अगं, हे काय करून घेतलंस?"

"सवय होईल. तुम्ही मटार परत ठेवा फ्रीझरमध्ये."

सवय होईना. गोळ्या कागदाच्या खाली जात होत्या, कधी डावीकडे, कधी मातीत. बाईंनी रायफलवरची दुर्बीण बदलली, खांद्यावर जाड उशी शिवली, रोज सकाळी दंडाचे व्यायाम सुरू केले. हट्टाला पेटलेल्या माणसाला आपण मेहनत करतोय असंच वाटत असतं. मे महिना अर्धा सरला तरी दहातल्या चार गोळ्या कागदाला लागत होत्या. चार! म्हणजे सहा जनावरं मक्यात पळाली, असा हिशेब त्या मनात करायच्या आणि पुढचं काडतूस भरायच्या.

एका शनिवारी रूथ म्हणाली, "आज रायफल मी भरून देते. तू फक्त नेम धर." सुमंतराव मागे घडीच्या खुर्चीवर शब्दकोडं घेऊन बसले होते.

पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी मंजुषाताईंनी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. रूथने त्यात मुद्दाम दारू नसलेलं खोटं काडतूस भरलं होतं. ना आवाज, ना धक्का. तरीही नळी चांगली वीतभर खाली झुकली होती. खांदा पुढे आला होता, दात आवळलेले होते. आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

सुमंतराव मागून म्हणाले, "अगं, काही झालंच नाही आणि तू केवढी दचकलीस!"

मंजुषाताईंनी रायफल खाली ठेवली. त्यांना तो नोव्हेंबर आठवत होता. मक्याची कड, हरिणीचा कान हलला तो, चापावर बोट टेकलं ते, आणि मग एकदम हरिणी धडपडतेय ते. मधलं काहीच आठवत नव्हतं. तीन वर्षांत कधीच आठवलं नव्हतं आणि त्यांनी ते उजेडावर ढकललं होतं. उजेड भरपूर होता. शॉटगनच्या अवजड गोळ्यांच्या धक्क्याला भिऊन त्यांनी डोळे मिटले होते, बारा वर्षं कधी मिटत असतील, कधी नसतील, आणि त्या संध्याकाळी मिटले. बाईंना स्वतःची विलक्षण लाज वाटली. रूथला त्या एवढंच म्हणाल्या, "ती हरिणी. ती माझीच चूक होती."

"मला वाटलंच होतं," रूथ म्हणाली. "पण तुला कळायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर हायवे संपला. मंजुषाताई म्हणाल्या, "अहो, दुकानात घ्या गाडी."

"तो हसेल."

"हसू दे."

दाढीवाला हसला नाही. उलट या बाईंना ओळखून त्याने त्याहून मोठं एक काडतूस कौतुकाने काउंटरवर ठेवलं. "ते उचला," मंजुषाताई म्हणाल्या. "मला ते सौम्य दाखवा."

त्याचं नाव सेव्हन-एमएम-ओ-एट, आणि त्याची रायफल बाईंनी तिथेच घेतली. काडतूस दिसायला साधं, मधल्या बोटाएवढंही नाही. नामिबियाच्या कायद्याला मोठ्या हरणांसाठी लागते तेवढी ताकद त्यात होती. गोळी चांगल्या बांधणीची असली आणि योग्य जागी गेली तर कुडूला पुरेसं होतं. ती योग्य जागा कुठली, हे मंजुषाताईंना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी आफ्रिकन हरणांच्या छातीची चित्रं मागवली आणि पाहिलं की तिथल्या हरणांची हृदयं ओहायोच्या हरणापेक्षा जरा खाली आणि पुढे असतात. चित्रं फ्रीजवर लागली. संजीव आला तेव्हा त्याने ती पाहून चहा अर्धा टाकला.

"पण काकू, रँकिंगमध्ये हे अकराव्या नंबरवर होतं."

"अरे, तुझा तक्ता बरोबर आहे. फक्त रायफल उडवणारी मी आहे, हे त्यात धरलेलं नाही."

मग दुसऱ्यांदा मेहनत सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा कठीण होती. हट्टाने दात आवळता येतात, डोळे उघडे ठेवता येत नाहीत. रोज रायफल भरायचं काम सुमंतरावांनी मागून घेतलं. ज्यांनी जन्मात मुंगी मारली नाही ते गृहस्थ पाठ करून उभे राहायचे, टोपीखाली खरं की खोटं काडतूस लपवायचे, रायफल हातात द्यायचे आणि चेहरा अगदी निर्विकार ठेवायचे. बायकोला फसवण्याची अशी अधिकृत संधी त्यांना चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. खोट्याला नळी हलली की ते म्हणायचे, "मिटलेस." बाई चिडायच्या, पण पुन्हा उभ्या राहायच्या. जून संपता संपता नळी हलायची थांबली. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवून, दीडशे पावलांपर्यंत, दहाच्या दहा. त्यापुढे नववी-दहावी चुकायची. मंजुषाताईंनी तिथे रेघ मारली. दीडशेच्या पलीकडे चाप ओढायचा नाही, मग समोर काहीही असो.

जुलैत नामिबियात थंडी होती. त्यांचा वाटाड्या योहानेस, उंच आणि मितभाषी. त्याने त्यांचं काडतूस बोटांत फिरवलं. "लहान आहे."

"मीही लहानच आहे," मंजुषाताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी गेम्सबॉक, म्हणजे तिकडचं एक मोठं हरीण, दिसला. भाल्यासारखी सरळ शिंगं, काळापांढरा चेहरा, अंगाने घोड्याएवढा. योहानेसने तिकाटणं रोवलं. "दोनशे तीस पावलं. मारा."

"नाही."

"डॉक्टर, तो आता निघून जाईल."

"जाऊ दे. मला जवळ जायचंय."

योहानेसने रूथकडे पाहिलं. रूथने खांदे उडवले. मग सदुसष्ट वर्षांच्या बाई काटेरी झुडपांतून गुडघ्यांवर रांगत निघाल्या. पाऊण तास. कोपर सोलले, कुर्ता फाटला. वाळवीच्या एका वारुळामागे योहानेसने बोटाने खूण केली. एकशे तीस. तिकाटणं उभं राहिलं. गेम्सबॉक आडवा उभा होता. मंजुषाताईंनी खांद्याच्या खालच्या भागावर नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि चाप हळूहळू मागे घेतला.

दुर्बिणीत त्यांना दिसलं. गोळी लागली तिथली धूळ उडाली, पाठ कमानीसारखी वर झाली. त्याने एक अर्धा वळसा घेतला, जीव तोडून धावला, तीस-चाळीस पावलं, पुढचे पाय दुमडले आणि शिंगं वाळूत रुतली. मागचे पाय दोनदा हलले. मग थांबले. त्यातलं काहीही निसटलं नव्हतं.

"एकच गोळी!" योहानेस पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "पाहिलंत ना?"

"पाहिलं," त्या म्हणाल्या. "सगळं पाहिलं."

आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. तो झाला नाही. एवढं देखणं जनावर आपण मारलं, याचं ओझं छातीवर बसलं, आणि त्याच वेळी ते पळून जाऊन कुठे तडफडत नाहीये याचं समाधानही होतं. त्या खाली बसल्या आणि हमसाहमशी रडल्या. रूथ जवळ आली, हात पुढे केला. मंजुषाताईंनी तो धरला नाही. बाहीने डोळे कोरडे केले, न जाणो जीव उरला असेल म्हणून खटका ओढून दुसरं काडतूस भरलं, योहानेसने शिकवलं होतं तसं शिंगं टाळून मागच्या बाजूने वळसा घेतला आणि त्याच्याकडे चालू लागल्या.