चित्रं झाकणारे बाबा

अमेरिकेत, चँडलरच्या एका शाळेत मी पहिलीला शिकवते, आणि गोष्टीत अस्वल आलं की मी अस्वल होते. गुरगुरते, फळ्याला पाठ घासते, पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी बूट हुंगते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला हे शोभतं का, असं माझी बहीण विचारते. तिलाही मी अस्वलाच्याच आवाजात उत्तर देते.

त्या वर्षी वर्गात एक मराठी मुलगी होती. माझ्या अस्वलाला ती खुदकन हसायची. पण स्वतः वाचायची वेळ आली की आधी चित्रावर पंजा ठेवायची आणि मग अक्षरांकडे बघत गप्प. पुढेपुढे तर नुसतं पुस्तक दिसलं तरी तिला तहान लागायची. सहा वर्षांची पोर पुस्तकांपासून पळायला लागली होती, आणि हे मी मुळीच चालू देणार नव्हते.

एकदा घरी दिलेलं पुस्तक परत आलं, तर प्रत्येक चित्रावर पिवळी स्टिकी नोट.

"हे कुणी केलं गं?"

"बाबा. लुकिंग इज चीटिंग."

मी बाबांना फोन लावला. गृहस्थ पुण्याचे, इथे कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत इंजिनियर.

"मॅडम, ती चित्र बघून ठोकून देते. परीक्षेत चित्रं असतात का?"

"पहिलीत कसली परीक्षा?"

"पुढे असतेच ना."

बरं, म्हटलं. फोन ठेवला, त्या सगळ्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि त्याच पुस्तकातल्या शब्दांवर चिकटवल्या. पोरीबरोबर निरोप धाडला: आज बाबांनी वाचून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वर्गाच्या दारात. गळ्यात ऑफिसचा बिल्ला, हातात पुस्तक.

"मॅडम, शब्दच झाकलेत. वाचणार काय, कपाळ?"

"काय काय दिसलं?"

"म्हातारा भोपळ्यांची गाडी ओढतोय. पुढच्या पानावरही ओढतोय. मी केलं बंद."

मी त्यांना मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. मुलगी शेजारी बसली. तिचा हात चित्राकडे गेला आणि मला वाटलं, झाकतेय. पण तिनं गाडीवरच्या ताडपत्रीच्या कडेला बोट टेकवलं.

"बाबा, यू मिस्ड द फूट."

ताडपत्रीखालून एक केसाळ पाय बाहेर आला होता. बाबांनी मागचं पान उलटलं. तिथं झाडाआडून एक नाक डोकावत होतं.

"आयला, अस्वल बसलंय. मग? म्हाताऱ्याला कळतं का?"

"आय डोन्ट नो."

आणि तिनंच नखानं शब्दांवरची चिठ्ठी उचकटली. एकेक शब्द जुळवत निघाली आणि एका शब्दावर अडली. तिनं म्हाताऱ्याच्या घामाकडे पाहिलं, त्या पायाकडे पाहिलं, पुन्हा अक्षरांवर बोट ठेवलं.

"हेवी," ती म्हणाली. "द कार्ट इज हेवी."

"चित्र बघून सांगितलं," बाबा पुटपुटले.

मी त्यांच्या कानाशी हळूच गुरगुरले. त्यांनी पुढचं पान उलटलं.