काकीचा अर्धा दिवस

महाड-पोलादपूरकडचे शेतकरी कसे राहतात, कसे राबतात, याचा अभ्यास करायला मी निघाले आणि पहिल्याच आठवड्यात एका शेतकरणीचं नुकसान करून बसले. अशी झोकात सुरुवात झाली माझी!

वरंधच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या एका काकीकडे मी भर लावणीत सकाळीच जाऊन धडकले. तिचा नवरा मुंबईला कामाला, भातशेती एकटीच्या जिवावर. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ती शेतावर निघालीच होती. "काकी, दहाच मिनिटं," मी म्हटलं. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तिने चूल पेटवली, चहा टाकला, आणि माझी प्रश्नावली संपली दुपारी बाराला.

"लावणीला मजूर किती लावता, काकी?"

"मजूर नाय गो. आमची सावड असते. आज मी शेजारणीच्या शेतात, उद्या ती माझ्या."

मी मजुरांच्या रकान्यात ठसठशीत शून्य घातलं आणि महाडची एसटी पकडली.

दोन प्रश्न राहिले म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेले, तर काकी बांधावर एकटीच उभी. पायाशी उपटलेल्या रोपांच्या जुड्या पाण्यात ठेवलेल्या. बाकीच्या बाया कुठायत, म्हणून मी विचारलं.

"त्या नाय येणार. त्या दिशी शेजारणीच्या लावणीला मी अर्धा दिस उशिरा गेले. तिचं एक खाचर लावायचं राहिलं. आज सगळ्या तिकडंच. माझा नंबर गेला पार शेवटाला." मग जुड्यांकडे बघत म्हणाली, "हे रोप उद्यापर्यंत तग धरंल. परवा फुकट जायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आणखी शहाणपणा केला. "मी मजुरी भरते काकी, बाहेरच्या बाया बोलवा."

काकी कडाडलीच. "पैसं घाल तुझ्या पिशवीत! कुठून आणू बाया? ज्या त्या आपापल्या चिखलात हायत. आणि मी पैशानं माणसं आणली, तर पुढल्या साली माझ्या बांधावर कोण उभी राहील?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शून्य लिहिलं होतं ते हिच्या सगळ्या शेतीचा आधार होतं, आणि त्यातला अर्धा दिवस मी चहा पीत खाल्ला होता. स्वतःचाच इतका राग आला की सांगता सोय नाही.

तशीच उठून शेजारणीच्या खाचरावर गेले. "काकीचा अर्धा दिवस माझ्याकडून घ्या," म्हटलं. बाया हसून हसून वाकल्या. "हिचा अर्धा दिस म्हंजे बेडकांची करमणूक!" एक म्हणाली. शेजारीण मात्र हसली नाही. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, एक जुडी हातात दिली आणि म्हणाली, "उतर."

संध्याकाळपर्यंत लावत होते. माझी ओळ नागमोडी जायची. बाजूची बाई माझी रोपं उपटून पुन्हा नीट लावायची. कंबरेचा पार भुगा झाला. खाचर संपलं तेव्हा शेजारीण बांधावर पाय धूत म्हणाली, "सांग तुझ्या काकीला, उद्या तिचंच."

एसटी गेलेली, त्यामुळे मुक्काम काकीकडेच झाला. सकाळी खरंच सगळ्या बाया तिच्या शेतात हजर झाल्या. मीही न सांगता उतरले. दुपारची भाकरी खायला बसलो तेव्हा काकी म्हणाली, "काढ गो तुझा कागद. आता लिव, माणसं किती ती."

मी बायांकडे बघत मोजलं. "सात."

"आठ," काकी म्हणाली. "स्वतःला धरलं नायस."

चिखलाच्या हाताने मी शून्य खोडलं आणि आठ लिहिलं. डोळे भरून आले, ते मी पुसलेसुद्धा नाहीत.