कॅमेरा बराबर हाय

गुलाबराव आपला कॅमेरा कुणाच्या हातात देत नसत. मस्तगडातल्या त्यांच्या स्टुडिओत पाऊल टाकलं, की आधी गळ्यातला कॅमेरा पोटाशी घ्यायचे आणि मग विचारायचे, "काय काम हाय?" मला हा माणूस कधी आवडला नाही. तो गेल्यावरही आवडायला लागलेला नाही.

"कॅमेरा बराबर हाय," हे त्यांचं पालुपद. फोटोत डोळे मिटले, तर गिऱ्हाइकाची झोप झालेली नसायची. फोटो काळा आला, तर माणूसच काळा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी माझ्या नातीचं बारसं झालं. मोबाइल समोर धरला की आई तोंडावर पदर घ्यायची, पण गुलाबरावांच्या कॅमेऱ्यापुढे पणतीला मांडीवर घेऊन छान हसली. चौथ्या दिवशी ती गेली. तिचा धड असा तेवढाच फोटो, आणि तेराव्याला पाटावर तोच ठेवायचा होता.

स्टुडिओत त्यांनी कॅमेऱ्याची तार आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली. काहीच दिसेना. मी शाळेचा लॅपटॉप नेला, त्यात लिनक्स. नाही. मुलाने पुण्याहून आणलेला मॅक नेला. तोही ढिम्म.

"एकाबी मशिनीला अक्कल न्हाई. मंग मी काय करू, मास्तर?"

"कार्ड काढून द्या."

"बिलकुल न्हाई! कार्ड काढलं की फोटो उडतेत. मागं एक अख्खं लग्न उडाल्तं."

मी हात जोडले. गुलाबराव म्हणाले, "जल्दी कशाची? गेलेलं माणूस आता कुठं जाऊन राह्यलं?"

तेरावा झाला. पाटावर नुसता हार होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही लॅपटॉप काखेत मारून मी भांडायलाच गेलो आणि कॅमेरा हिसकावला. तार लावायच्या भोकात लाल दिसलं. खंडेनवमीला ते कॅमेऱ्याची पूजा करत. त्या वर्षी ओल्या बोटांनी लावलेलं हळद-कुंकू आत जाऊन घट्ट वाळलं होतं. दात कोरायच्या काडीने मी ते उकरलं; पडलेला लाल चुरा गुलाबरावांनी बोटांवर झेलला. कॅमेरा चालतो का बघायला बटण दाबलं, तेव्हा समोर तेच होते. मग तार लावली. विंडोजवर आई हसली. मी रागारागाने लिनक्सवर आणि मॅकवरही लावून दाखवलं. तिन्हीकडे हसली. कॅमेऱ्यातले सगळे फोटो मी लॅपटॉपवर उतरवून घेतले.

"बघा, म्हणलं न्हवतं? कॅमेरा बराबर हाय."

चूक झाली, एवढं म्हणाले असते तरी मी विसरलो असतो.

यंदा गुलाबराव गेले. जन्मभर लोकांचे फोटो काढले, पण स्वतःचा एक नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा दारात आला. "सर, आमच्या दादांचा एखादा फोटो असंल का तुमच्याकडं?"

नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण रिकाम्या पाटापुढे कसं बसवतं, ते मला माहीत होतं. लॅपटॉपमधला तो बटण दाबताना आलेला फोटो शोधला आणि प्रिंट काढून दिली.

फोटोत त्यांच्या बोटांना कुंकू आहे आणि तोंड उघडं आहे. मलाच काहीतरी बोलत होते.