उजव्या बाजूचा घोडा

रविवारी अष्टमी गावात माझ्या सासऱ्यांच्या दारात टेम्पोतून एक पांढराशुभ्र घोडा उतरला... जिवंत! आणि आख्खी आळी माझ्याकडे बघायला लागली.

त्याचं असं झालं. आप्पांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, त्यांच्या वडिलांपासूनची लायसनची दुनळी बंदूक आहे. रानडुकरं वालाचं शेत उकरतात म्हणून घेतलेली. डुकरं अजून डबे वाजवूनच पळवतात, पण आप्पांचा जीव बंदुकीत... "असली आता बनत नाय गो," हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

या बंदुकीला बाहेरून दोन घोडे असतात. चाप ओढला की खाडकन पडतो, तो घोडा. यंदा उजवा तुटला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय, दुरुस्तीवाल्याने हात वर केले.

सासूबाईंना आयतंच फावलं. दर इलेक्शनला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, परत आणा, लायसनसाठी खेपा घाला... त्या जाम कंटाळल्यात. "रविवारपर्यंत घोडा आला तर ठीक. नायतर सोमवारी ही अवदसा कायमची जमा करायची," त्यांनी जाहीर केलं. आप्पांचं जेवणावरून लक्षच उडालं. मला खरंच वाईट वाटलं हो.

म्हणून मी पेणहून, माझ्या घरून, आमच्या जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. आप्पा फोनवर सांगत होते, मी टाईप करत होते. 'घोडा पाहिजे. उजव्या बाजूचा. जुना चालेल. अर्जंट, रविवारी अष्टमीला पोचवावा.' बंदूक हा शब्द मीच गाळला... ग्रुपवर उगाच कशाला, म्हटलं. नको तिथे शहाणपणा!

ग्रुपवरचे वडखळचे एक भाऊ वरातीला घोडा देतात. बग्गीला उजवीकडे जुंपायला हवा असेल, असा त्यांचा समज झाला. 'आणतो' एवढाच त्यांचा मेसेज आला, आणि मी नाचतच अष्टमी गाठली.

टेम्पोचा आवाज ऐकून आप्पा तुटका घोडा घेऊन बाहेर आले, जुळवून बघायला. एकदा हातातल्या घोड्याकडे बघितलं, एकदा समोरच्या.

"हा कुठं बसवू?"

"बसवायचा नाय काका," भाऊ म्हणाले, "ह्याच्यावर बसायचं."

खरं कळल्यावर भाऊ चिडतील असं वाटलं होतं. पण ते ओट्यावर टेकले. "आता नवरदेव जीपवर नाचत येतात. आमच्या घोड्याला तरी कोण विचारतो, काका..." आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग चहा झाला, गप्पा रंगल्या, आणि तेवढ्यात घोड्याने सासूबाईंची जास्वंद निम्मी संपवली.

सासूबाई तणतणत बाहेर आल्या. "मग? उद्या जमा करताय ना?"

आप्पा ताठ उभे राहिले. "का म्हणून? घोडा आला तर ठीक, असं तूच बोललीस. आला ना! कसला घोडा, ते तू बोलली नाय."

आणि सासूबाई जे हसत सुटल्या! पदर तोंडाला, डोळ्यांत पाणी, आधाराला हात टेकला तो घोड्याच्याच मानेवर.

बंदूक घरातच आहे, एका घोड्याची. दिराची वरात भाऊंच्या घोड्यावरून ठरलीय. भाऊ, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे... त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले.

मी पेणला निघाले तेव्हा सासूबाई उरलेल्या जास्वंदीला पाणी घालत होत्या. आप्पांकडे बघून हळूच मला म्हणाल्या, "असला नवरा पण आता बनत नाय गो."