खाली उतरवलेली पिशवी

माझ्या बाळांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी फोटो पाठवलात. बोटीच्या कठड्याला टेकून तुम्ही उभे आहात आणि मागे लाल टोपीचा एक दीपस्तंभ. धाकटीने खाली लिहिलं होतं, 'आजी, तूसुद्धा अशी सहल केली होतीस ना? बाबा सांगून खूप हसत होते.' बाबा हसत होते म्हणून मला हे आज लिहावं लागतं आहे. तुमचे बाबा त्या सहलीला नव्हते. इंजिनिअरिंगच्या परीक्षेसाठी ते बंगळूरला घरीच राहिले होते. त्यांना माहीत आहे ती आजोबांनी रंगवून सांगितलेली गोष्ट. खरी गोष्ट मला माहीत आहे आणि ती हसण्याची नाही. मराठी वाचताना कुठे अडलात तर बाबांना विचारा, पण अर्थ त्यांना सांगू देऊ नका.

सहल माझ्या सासूबाईंसाठी होती, म्हणजे तुमच्या पणजीसाठी. आम्ही त्यांना आई म्हणायचो. आईंचे वडील दीपस्तंभावर नोकरीला होते, कारवारच्या बाजूला एका खडकाळ टोकावर. आईंचं सगळं लहानपण त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी गेलं. दिवसा उन्हाने आतली भिंगं तापू नयेत म्हणून दिव्याभोवती पडदे ओढून ठेवतात. ते सकाळी ओढायचं काम आईंचं असे. मनोरा त्यांना आतून पायरीन् पायरी पाठ होता. पण समुद्रावरून तो कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जमिनीच्या बाजूने तो नुसता पांढरा. समुद्राकडच्या अंगाला मात्र, जहाजांना दिवसा ओळखू यावा म्हणून, काळे आडवे पट्टे रंगवलेले. त्या बाजूला सरळ कडा होता आणि मुलींना होडीत नेत नसत. आईंचा भाऊ होडीतून जाऊन आला आणि म्हणाला, तीन पट्टे आहेत. वडील म्हणाले, दोन. भाऊ हट्टाला पेटला. वडील हसून आईंना म्हणाले, 'तू जाशील तेव्हा तूच मोज.' सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या बंगळूरला आल्या, चामराजपेटेत. इथे समुद्र कुठला?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेलीही फार काळ टिकणार नव्हती. घरी आल्यावर त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'ते पट्टे मोजायचे राहिले.'

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच मागणं. तेव्हा मी कामाला लागले. आमच्या मंडळातल्या बायकांना आणि त्यांच्या यजमानांना तयार केलं, कारण अख्खी लाँच दोघातिघांसाठी कोणी सोडत नव्हतं. अठरा माणसं जमली. एसटीडी बूथवर ताटकळून किनाऱ्यावरच्या एका लाँचवाल्याशी बोलले. एका फेरीत तीन जुने दीपस्तंभ आणि तिसरा आईंचा. त्याची एकच अट होती. अकरानंतर वारा उठतो, त्यानंतर तो टोकापलीकडे लाँच नेत नाही. तेव्हा सकाळी सातला निघायचं, साडेसातच्या पुढे नाही. मला ही अट फार आवडली. वेळ पाळणारी माणसं मला आवडतात.

मंडळी प्रवासाने दमतील म्हणून रविवार विश्रांतीला ठेवला आणि सहलीला सोमवार धरला. आता तुम्हाला राहुकाळ सांगायला हवा. रोज दिवसातला दीड तास अशुभ मानतात. त्या वेळात कोणी प्रवासाला किंवा नव्या कामाला सुरुवात करत नाही. वारानुसार तो बदलतो. सोमवारी साडेसात ते नऊ. आईंच्या माहेरी तो फारसा कोणी पाळत नसे, पण चामराजपेटेत शेजारच्या अक्कांनी नव्या सुनेला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, आणि आईंनी ती आयुष्यभर पाळली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझा विश्वास नव्हता, तरी वेळापत्रक आखताना तो धरला होता. सातला निघालो तर राहुकाळाच्या आधी अर्धा तास हाताशी राहत होता. मी सगळ्याचा विचार केला होता, हे मला ठासून सांगायचं आहे.

मी बसण्याच्या जागांची यादीही टाइप केली होती. लाँच उत्तरेला जाणार, म्हणजे किनारा उजव्या हाताला. म्हणून जागा क्रमांक एक, उजवीकडे अगदी पुढे: आई.

सोमवारी पावणेसातला आम्ही धक्क्यावर होतो. समोर वेगळीच लाँच उभी होती. ठरलेलीचं इंजिन बिघडलं होतं आणि लाँचवाल्याने भावाची आणली होती. मी कल्पना केली होती तशी बसमधल्यासारखी बाकं तिच्यात नव्हती. दोन्ही कडांना लांब फळ्या, तोंडं समोरासमोर. उजव्या फळीवर बसलं की किनारा पाठीमागे. लाँचवाल्याने तोवर काही सामान आत घेतलंही होतं. आईंची निळी कापडी पिशवी उजव्या फळीच्या पुढच्या टोकाला ठेवलेली मला दिसली, म्हणजे आईंची पाठ नेमकी त्यांच्या मनोऱ्याकडे.

'अण्णा, सामान खाली घ्या,' मी म्हणाले. 'आधी जागा नीट लावू.'

'अक्का, बसू दे की. मग सरकतील,' तो म्हणाला. 'स्वल्प पुढे-मागे होईल, एवढंच.'

'मग कोणी सरकत नाही,' मी म्हणाले, आणि ते खरंही होतं. आमच्या मंडळातल्या बायकांना खिडकी मिळाली की त्या टर्मिनसपर्यंत सोडत नाहीत.

त्याने पिशवी खाली आणून माझ्या पायाशी ठेवली. मी धक्क्यावरच्या एका उलट्या क्रेटवर बसून यादी नव्याने लिहायला घेतली. उजवे सगळे डावीकडे, डावे उजवीकडे. पण दोन बायका आपापल्या यजमानांपासून तुटत होत्या, आणि एकीला इंजिनजवळ उलटी होते. ती हे बंगळूरला बोलली नव्हती, इथे बोलली. एक गृहस्थ म्हणाले, 'वहिनी, विधानसभेतही एवढं जागावाटप करत नाहीत.' सगळे हसले. मी वर पाहिलं नाही.

यादी पुरी करून मी उभी राहिले आणि पहिलं नाव वाचलं. आई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तुमच्या आजोबांना विचारलं, 'किती वाजले रे?'

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. 'सात बत्तीस.'

'सरी,' म्हणजे बरं, असं आई कानडीत म्हणाल्या आणि माझ्या क्रेटवर बसल्या. 'आता नऊला.'

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. 'आई, दोन मिनिटांनी काय होतं? नऊला निघालो तर तिसरा दीपस्तंभ होणार नाही. आपण त्याच्यासाठीच आलोय.'

'मला माहीत आहे कशासाठी आलोय ते.'

'तुमच्या माहेरी होता का राहुकाळ?'

'तिथे वारा होता, त्याची वेळ पाळायचो. इथे आले तशी ही पाळली. पन्नास वर्षं पाळलेलं तुझ्या यादीपायी मोडू?'

'आई, मी पाया पडते तुमच्या.'

'पड. पण नऊला.'

मी मंडळींकडे वळले. कोणीतरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं. पण त्यातली निम्मी घरं चामराजपेटेतलीच, आणि घड्याळात साडेसात झाल्यावर त्यांचेही पाय जड झाले होते. उरलेल्यांना नाश्ता हवा होता. पाचच मिनिटांत सगळे समोरच्या हॉटेलात इडली खात होते. लाँचवाला एकटाच माझ्यासारखा चिडलेला. तो म्हणाला, 'मी सातची वेळ दिली होती, अक्का. आता वाऱ्याचं तुम्हीच बघा.' दीड तास मी धक्क्यावर फेऱ्या मारल्या. मनात प्रत्येकाला नावं ठेवली: भावाची लाँच आणणाऱ्याला, इंजिनवालीला, इडली खाणाऱ्यांना, पंचांग करणाऱ्यांना आणि सगळ्यात जास्त त्या क्रेटवर सरळ पाठीने बसलेल्या बाईंना.

नऊला निघालो. पहिला दीपस्तंभ एका बेटावर होता, बुटका, गवतात बुडालेला. सगळ्यांनी फोटो काढले. दुसरा दिसेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. लाँच आता वरखाली होऊ लागली होती आणि पाणी फळीपर्यंत उडत होतं. मंडळी गाणी म्हणायची थांबली. आई डावीकडे पुढे बसल्या होत्या, क्रमांक एकवर, डोळ्यांवर हात धरून. दुसऱ्या दीपस्तंभाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

लाँचवाल्याने हात वर करून लाँच वळवली.

'अजून अकरा वाजले नाहीत,' मी ओरडले.

'घड्याळात नाही वाजले, अक्का. वारा आला.'

आईंनी माझा दंड धरला. 'पुढे टोक दिसतंय का?'

'दिसतंय.'

'काळं, बैलाच्या पाठीसारखं?'

'हो.'

'त्याच्या पलीकडे आहे,' त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

धक्क्यावर उतरल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, 'आई, टॅक्सी करू. रस्त्याने तासाभरात पोचू.'

'जमिनीवरून मी तो सोळा वर्षं पाहिलाय,' आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं होतं. संध्याकाळी मी आमचं सामान भरत होते. आई खाटेवर बसून निळी पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंद सोडत-बांधत होत्या. मी सकाळपासून त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, 'तुला प्रस्थान माहीत नाही का गं?'

माहीत होतं. माझ्या माहेरीही ठेवत. वाईट वेळेत निघावं लागणार असेल, तर ती वेळ सुरू होण्याआधी आपली एखादी वस्तू उंबऱ्याबाहेर, पुढच्या वाटेवर ठेवायची. मग आपण निघालो असंच धरतात आणि मागून केव्हाही जाता येतं.

'पहाटेच मनात आलं, एवढ्या माणसांत उशीर होणार. म्हणून लाँचवाल्याच्या हाती सगळ्यांत आधी मीच पिशवी दिली. ती आत होती तोवर मी निघालेली होते. मग तुझी यादी कितीही चालली असती.'

मी हातातली साडी तशीच धरून उभी राहिले. 'मग तेव्हाच का नाही सांगितलंत?'

'पिशवी खाली आली तेव्हा सात झाले असतील. म्हटलं, पुन्हा चढेल. तू लिहीत होतीस. तुला मध्ये बोललेलं चालत नाही.'

यात टोमणा नव्हता, तेच वाईट. बावीस वर्षं मी त्यांच्या घरात माझ्या याद्या लावत होते आणि बावीस वर्षं त्या मध्ये बोलल्या नव्हत्या. मी त्यांची माफी मागितली नाही. तुमच्या आजोबांना ही पिशवीची गोष्ट मी सांगितली नाही. म्हणून त्यांच्या गोष्टीत एक हट्टी म्हातारी आणि एक राहुकाळ एवढंच असतं, आणि तुमचे बाबा हसतात.

वर्षभरात आईंना फक्त उजेड आणि सावली एवढंच कळू लागलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात तुमचे आजोबा आणि मी पुन्हा गेलो, अख्ख्या लाँचचं भाडं भरून, यादी न करता. सहाला निघालो आणि नवाच्या आत टोक ओलांडलं. मनोरा दिसला. वरच्या अर्ध्या भागात दोन काळे पट्टे, स्पष्ट. त्याखाली एक करडा डाग, रुंद, कडा नसलेला. तो पुसट झालेला तिसरा पट्टा असेल किंवा नुसती ओल. मी लाँच दोनदा फिरवून घेतली. ठरवता आलं नाही. आजोबांनी माझ्या जुन्या यादीच्या मागे पेन्सिलीने चित्र काढलं.

घरी आल्यावर मी आईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मी असते तर मला कळलं असतं.'

मला राग आला, कारण ते खरं होतं. त्यांना कळलं असतं.

ती यादी माझ्याकडे आहे. पुढून अठरा नावं दोनदा लिहिलेली, मागून मनोऱ्याचं चित्र. निळी पिशवीही आहे, कपाटात वरच्या फळीवर. तिचा एक बंद तुटला आहे, बाकी ती धड आहे.