वाकड्या तोंडाची फुगडी

नव्याण्णवच्या आंब्याच्या दिवसांत माझा डावा कान ठणकायला लागला. आमच्या रत्नागिरीत कान दुखला की लसणाचं कोमट तेल ठरलेलंच. शेजारणीने ओतलं, मी ओतू दिलं. पुढे एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं, डावा डोळा मिटेना आणि घर गरगरायला लागलं.

डॉक्टरांनी कानात बघितलं. "नागीण आहे. कानात उठली आणि चेहऱ्याची नस धरली तिने. तेल बंद." शेजारीण घाबरली. "तिचं तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस जातो गो!" मी म्हटलं, "एवढ्याशा कानात तिला वळायला तरी जागा आहे का?"

गोळ्या घेतल्या. रात्री डोळ्यावर पट्टी, बाजारात जाताना तोंडावर पदर. पण मला खात होती ती गौरीची फुगडी. सावर्ड्याला सासरी माझ्यापुढे कुणी टिकत नसे. आमच्याकडे नुसतं फिरून भागत नाही, ओठांनी 'फू-फू' असा ठेकाही धरावा लागतो. माझा वारा डाव्या बाजूने पळून जायचा. रोज आरशापुढे मेणबत्तीवर फुंकर मारायची, मेणबत्ती तशीच. एकदा चिडून चिमटीनेच विझवली. श्रावण सरताना ती फुंकरीने विझली, तेव्हा घरात एकटी असूनही मी ओरडले.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी सावर्ड्याच्या ओटीवर सासूबाई म्हणाल्या, "तू ह्या वर्षी बस गो. चक्कर येईल."

"आली तर धाकटी धरील," म्हणत मी पदर कमरेला खोचला आणि धाकट्या जावेचे हात धरले. तेव्हा कुठे ध्यानात आलं, फुगडीत दोन्ही हात गुंतलेले. तोंड झाकायला हात उरतच नाही. ओटीवरच्या झाडून सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

बघा, म्हटलं.

पहिला 'फू' फुसकाच निघाला. मग पायांनी वेग घेतला आणि ओठांनी ठेका पकडला. ओटी फिरत होती, पण फुगडीत ती सगळ्यांचीच फिरते. मला भयंकर आनंद झाला होता.

"ताई, सोडा, मेले मी!" जाऊ ओरडली. मी आणखी दोन फेरे घेतले आणि मगच सोडलं. ती मटकन खाली बसली. मी उभी होते. सगळ्यांकडे बघून हसले, उजवीकडून जास्त, डावीकडून कमी, आणि पदर कमरेलाच राहू दिला.